डोलणारा स्वर

सूनबाईने पियानोवर चार-पाच पट्ट्यांचा तो कॉर्ड एकदम दाबला की आतल्या खोलीतून सासऱ्यांची हाक ठरलेली, "डोलतोय गं."

उभा जन्म पियानो लावण्यात गेलेला माणूस. एका पट्टीच्या तीन तारांत केसाएवढा फरक पडला तरी स्वर हेलकावे खातो. त्याला ते डोलणं म्हणत, आणि डोलणारा स्वर घरात असला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. गल्लीत त्यांचं नावच कानसेन पडलं होतं. हल्ली दाराची बेल त्यांना ऐकू यायची नाही, बेसूर तार मात्र दोन भिंतींपलीकडून यायची.

सून दिवसभर टपाल कचेरीत पार्सलं तोलायची आणि संध्याकाळी पियानोवर बसायची. हॉटेलातल्या बँडमध्ये पियानोची जागा रिकामी होती. पहिल्या खेपेला बँडमास्तराने तिला परत पाठवलं होतं. ऑल्टर्ड डॉमिनंट आला की तू चोरासारखी पळतेस, म्हणाला. शनिवारी शेवटची संधी होती. साधा डॉमिनंट तिच्या हातात बसलेला होता, गाणं घरी पोहोचण्याआधीचा, उंबरठ्यावरचा कॉर्ड. ऑल्टर्ड म्हणजे त्यातच पाचवा स्वर अर्धी पायरी चढवायचा आणि नववा अर्धी पायरी उतरवून मिसळायचा. वहीत सोपं, पण ऐकताना दाताखाली खडा आल्यासारखं. त्यात सासऱ्यांची हाक. बिचारीचा हात आपोआप आखडायचा.

गुरुवारी तर ते पाना घेऊनच आले. त्या आठवड्यात पियानो तीनदा लावून झाला होता. शेवटी तिने वैतागून सांगून टाकलं की मामंजी, पियानो ठीक आहे, हा कॉर्डच असा असतो. दुसरा कुणी फणकाऱ्याने निघून गेला असता. हे मात्र स्टूल ओढून बसले, कॉर्डमधली एकेक पट्टी सुटी वाजवून घेतली आणि डोळे मिटून ऐकली. एकही डोलत नव्हती. आपलाच कान चुकला, हे त्यांनी सुनेसमोर तिथल्या तिथे कबूल केलं. एवढं मोठं मन फार थोड्यांचं असतं.

मग त्यांनी पुढचा, घरचा कॉर्ड जोडून वाजवायला लावला. चार-पाचदा ऐकल्यावर पाना खिशात गेला.

"चढवलेल्याला अजून वर जायचंय, उतरवलेल्याला अजून खाली. दोघांचं घर अर्ध्या पायरीवर आहे. तू घाबरून मध्येच सोडतेस, म्हणून तो चुकल्यासारखा वाटतो. धरून ठेव, पोरी. ओढ ऐकू येऊ दे, मग सोड."

शनिवारी हॉटेलचा पियानो सकाळी त्यांनीच लावला होता, म्हणून चाचणीच्या वेळी त्यांना मागच्या खुर्चीवर बसू दिलं. गाणं संथ होतं. सूनबाई त्या कॉर्डवर आली आणि थांबली. पूर्ण चार मात्रा. हॉटेलच्या मॅनेजरने मान वळवून त्यांना विचारलं, पियानो नीट लावलाय ना?

"पियानो ठीक आहे," कानसेन म्हणाले. "थांबा, ती घरी येतेय."

आणि ती आली. बोटं जेमतेम हलली, आणि सगळी खोली सैलावली. बँडमास्तराने उमेदवारांची यादी मिटली आणि सोमवारी किती वाजता यायचं ते तिला सांगितलं. कानसेनांना ते ऐकूच गेलं नाही. ते डोळे मिटून खुर्चीत बसले होते, आणि डोलत होते.