नरहरीबाबूंचा गोल शिक्का

हुडको वसाहतीत कोणी लग्नपत्रिका आणून दिली, की नरहरीबाबू आधी चष्मा लावून तिच्यात चूक शोधायचे. तिथी, वार, आजोबांचं नाव, काहीतरी सापडायचंच. देणारा बापडा मान खाली घालून चहा पिऊन जायचा.

दुर्गच्या एका सरकारी कचेरीत वीस वर्षं त्यांचं हेच काम. मोठ्या आजारासाठी मदत मागणारे अर्ज त्यांच्या टेबलावरून भोपाळला जायचे. शेजारचे पंजाबराव म्हणायचे, "बाबू, तुमाले चित्रगुप्तानं बोलावलं, तर तुमी त्याच्याच वहीत त्रुटी काढान." बाबू मनातून खूश व्हायचे.

एक्याण्णवच्या दिवाळीत त्यांची थोरली, एकोणीस वर्षांची गीता दात घासताना रक्तानं भरलेलं तोंड घेऊन बाहेर आली. रक्त तयार करणारी हाडातली मज्जाच सुकत चालली होती. दक्षिणेतल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. धाकट्या मीनलची मज्जा जुळते, ती गीताला देता येईल, पण उन्हाळा संपायच्या आत, असं डॉक्टर म्हणाले आणि खर्चाचं पत्र दिलं. बाबूंच्या सात जन्मांच्या पगारातही तो खर्च बसला नसता. उरला सरकारी अर्ज. जानेवारीत तो बाबूंच्याच टेबलावर आला.

खर्चाच्या पत्रावर सही होती. गोल शिक्का नव्हता.

"आपल्याच पोरीचा कागद कावून अडवून राहिले तुमी?" कमलिनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"अडवून नाही राहिलो. भोपाळवाल्यांनी परत पाठवला, तर तीन महिने जातील. इथंच दुरुस्त करून घेतो."

आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी शेरा मारला: शिक्क्यासाठी परत.

पत्र टपालानं दक्षिणेत गेलं. शिक्का घेऊन परत यायला मार्च अर्धा सरला. अर्ज भोपाळला पोचला, तेव्हा त्या वर्षाचा निधी संपला होता. नवा निधी पावसाळ्यानंतर येणार होता.

एप्रिलमध्ये मंजुरीची यादी आली. तीत सुपेल्याच्या कलावतीबाईचं नाव होतं. फेब्रुवारीत बाबू गीताला रक्त चढवायला नेण्यासाठी रजेवर होते, तेव्हा त्यांच्या जागी बसलेल्या ओमप्रकाशनं तो अर्ज पाठवला होता. बाबूंनी फाइल काढली. दवाखान्याचं पत्र, खाली सही. शिक्का नाही.

"बिना मुहर के कैसे भेजा?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबूजी, भोपाल में मुहर पूछता कौन है? वो तो आप ही पूछते हैं," ओमप्रकाश म्हणाला, आणि पुढच्या कागदाकडे वळला.

घरी हे बाबूंनी कोणालाच सांगितलं नाही. डबा मात्र तसाच भरलेला परत आला. कमलिनीबाईंनी तो मोरीत ठेवला.

रविवारी पंजाबराव पुतणीची पत्रिका घेऊन आले. बाबूंचं तोंड जरा उघडावं म्हणून पहिल्या प्रतीवर त्यांनी पेनानं वार मुद्दाम चुकीचा करून आणला होता. "पाहा बाबू, काही सापडते का."

बाबूंनी पत्रिका न उघडताच मांडीवर ठेवली. "ठीक आहे सगळं."

खाटेवर पडलेल्या गीतानं हात पुढे केला. दंडावर निळे डाग होते. तिनं पत्रिका उघडून सावकाश वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर बापासारखंच हसू आलं.

"बाबा, काकांनी वार चुकवला."

"चालते, बेटा," नरहरीबाबू म्हणाले. "चालते."