डॉक्टरसाहेबांची बैठक

जव्हार संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब बऱ्या झालेल्या रोग्याबद्दल एक अक्षर ऐकून घेत नसत. "बरा झाला ना? मग त्याला नाचणी पेरू द्या. बरा न झालेला सांगा."

दर हिवाळ्यात ते आसपासच्या डॉक्टरांना घरी बोलावत. डहाणूकडचे एक वयस्क डॉक्टर बैलगाडीने घाट चढून येत. मी मोखाड्याला डॉक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. प्रत्येकाने आपल्याला न उमगलेला रोगी मांडायचा, जेवण त्यानंतर, असा नियम होता.

पहिल्या बैठकीत मी गप्प बसलो. नोकरी नवी, आपलं अज्ञान कशाला दाखवायचं? साहेबांनी ते ओळखलं. "मोखाड्यात सगळेच बरे होतात वाटतं? मग आम्हीच तिकडे राहायला येतो." सगळे हसले आणि मला बोलावं लागलं.

पाड्यावरच्या सोनीबद्दल मी सांगितलं. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज. हिवताप समजून मी तिला क्विनाईन देत होतो. "डाक्तर, तुझी कडू गोळी खाल्ली, पन टेकडी चढवत नाय," असं ती म्हणाली होती.

डहाणूचे डॉक्टर पुढे सरकले. "आमच्या बागांतल्या मजुरांचं हेच होतं. अनवाणी चिखलात राबतात, पोटात कृमी होतात, ते रक्त पितात. शौच तपासलंत?"

माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. साहेबांनी दवाखान्यातला उचलून माझ्या गाडीत ठेवला. "इथलं मी बघेन कसं तरी. तुम्ही आधी सोनीचं बघा."

कृमींची अंडी दिसली. डहाणूकरांनी सांगितलं तसं ओव्याचं सत्त्व दिलं. पुढच्या लावणीला सोनी शेतात होती. मग तिकडे डहाणूकरांना काही आढळलं की इकडे मी ते पडताळून पाहू लागलो. आमचे वादही खूप होत. साहेब ते मिटवत नसत. "एकटा डॉक्टर एकच चूक जन्मभर करतो," एवढंच म्हणत.

काही वर्षांनी साहेबांनीच अंथरूण धरलं. ताप उतरेना, अन्न जाईना. आम्ही दोघं धावत आलो आणि ओसरीवर कुजबुजू लागलो. आतून आवाज आला, "इथे येऊन बोला. रोगी इथे आहे."

आम्ही त्यांच्यासमोर बसलो. डहाणूकर म्हणाले, यकृतात गळू झालंय. मी म्हणालो, क्षय. आवाज चढले. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "क्षय असता तर खोकला कुठे गेला? नीट सांगा."

त्या आठवड्यातच ते गेले.

डहाणूचे डॉक्टर आता खूप थकलेत. तरी हिवाळ्यात मी त्यांच्याकडे जातो. साहेबांना नेमकं काय झालं होतं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.