उकळून आणलेला पू

मटणाचा रस्सा मी आयुष्यात कधी चाखला नाही, पण लढाईच्या वर्षांत सांगलीत माझ्याइतका रस्सा दुसऱ्या कुणी शिजवला असेल असं मला वाटत नाही. आठवड्यातून दोनदा, तोही बिनमिठामसाल्याचा, गाळून, चरबी काढून. साताऱ्याला आईला मी फक्त 'औषधांचं काम करते' असं लिहीत असे. तिला खरं कळलं असतं तर तिनं मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

मी मुळात नर्स म्हणून त्या छोट्या इस्पितळात लागले होते. पण माझा स्वभाव तापट, आणि मेट्रनबाईंचा माझ्याहून तापट. तीन महिन्यांत आमची सात भांडणं झाली. शेवटी सर्जन वैतागले आणि त्यांनी मला मागच्या अंगणातल्या खोलीत नेऊन सोडलं. म्हणाले, "बाई, तुम्ही माणसांशी बोलूच नका. तुम्ही जंतू सांभाळा." काम त्यांनीच शिकवलं. जखमेतला पू, छातीतलं पाणी, जे येईल ते तारेच्या टोकावर घेऊन काचेच्या थाळीत पेरायचं. थाळीत माझा रस्सा आगर घालून वडीसारखा घट्ट केलेला असे आणि त्यात मेंढीचं थोडं रक्त. मग थाळी उबेच्या कपाटात ठेवायची. कपाटाखाली रॉकेलचा दिवा. दोन दिवसांत जे उगवेल त्यावरून सर्जन ठरवत, चिरायचं की नाही.

यात प्रत्येक गोष्टीची बोंब. आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची खळ, जपानहून यायचं, आणि जपानशी तर लढाई चाललेली. त्यामुळे सर्जन ते केशरासारखं मोजून देत. रक्त आणि मांस देणाऱ्या खाटिकमामांना वाटे, आत कुणीतरी बडा पेशंट खाऊनपिऊन तगडा होतोय. ते निवडून चांगला तुकडा देत आणि "आता कसं हाय त्येंचं?" अशी काळजीनं चौकशी करत. रस्सा उकळायला लागला की बाप्यांच्या वॉर्डातले पेशंट खिडकीशी येऊन "बाई, आज काय बेत हाय?" विचारत. मी खिडकी लावून घेत असे.

पण माझं डोकं खरं फिरे ते नमुने आणणाऱ्यांवर. एकानं पू आणला तो मोगऱ्याच्या तेलाच्या बाटलीत. एका बाईनं नवऱ्याची थुंकी लोणच्याच्या बरणीत आणली, तळाशी मोहरी तशीच. मी ओरडले की लोक घाबरत, आणि घाबरली की माणसं काही सांगत नाहीत. हे मला फार उशिरा कळलं.

अशात एके दिवशी कोरेगावकडची एक मावशी आली. हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि पदराच्या गाठीत बांधलेली एक छोटी बाटली. सोबत तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी. तिचा मुलगा पलटणीत होता. दोन वर्षं वाळवंटात जर्मनांच्या गोळ्या चुकवून तो रजेवर आला आणि घरच्या बैलानं त्याला गुडघ्याच्या वर शिंग मारलं. वरची जखम भरली, पण मांडी आतून फुगत गेली, रोज बारीक ताप. डॉक्टरांनी सुई घालून पू काढला आणि बाटली हिच्या हातात देऊन सांगलीला पाठवलं. मुलगा दोन दिवसांनी चुलतभावाबरोबर येणार होता.

मी बाटली उजेडात धरली. पू खरवसासारखा थिजलेला. असा पू मी आधी पाहिला नव्हता. विचारावं असं एकदा मनात आलं. पण त्या सकाळी मोहरीवाल्या बाईशी भांडून मी दमले होते, आणि शिवाय मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवं होतं, तर जांभळा रंग वॉर्डातल्या नर्सनी तोंड आलेल्या पोरांना औषध म्हणून लावून संपवलेला. मुंबईहून नवा येत नव्हता. मी तशीच थाळी पेरली.

दोन दिवसांनी थाळी कोरी. मी आणखी एक दिवस ठेवली. तरी कोरी. मी माझ्या सुंदर अक्षरात कागदावर लिहिलं, 'काही उगवले नाही', आणि ऐटीत सर्जनांना नेऊन दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. तोवर मुलगा येऊन वॉर्डात पडला होता. सर्जन मावशीला आणि मला समोर घेऊन म्हणाले, "पू आहे आणि पुवात जंतू नाहीत, म्हणजे हाडाचा क्षय धरायला हवा; क्षयाचे जंतू या थाळीत उगवत नाहीत. त्याला चिरायचं नाही. चिरलं तर ते कधी भरत नाही. उद्या प्लास्टर घालू, सहा महिने हलायचं नाही. पलटणीला कळवा, हा आता परत येत नाही." मुलगा छताकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांचा गडी, दाराला डोकं लागेल एवढा उंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर मावशी बसली होती. आत मी आटपाडीहून आलेल्या एका गृहस्थावर तोंडसुख घेत होते. त्यानं आणलेला नमुना दोन दिवसांचा जुना होता, बूच काढताच खोलीत उभं राहवेना. "हे असं सडवून आणतात का?" मी ओरडले. तो बिचारा पागोटं सावरत "मोटारवाल्यानं येळ लावला" असं काहीबाही बोलत होता. मावशीला त्याची कीव आली.

"आवं दादा," ती पायरीवरून म्हणाली, "उकळून आणायचं की! दूध नासू ने म्हून उकळतो, तसंच. मी न्हाई का आणलं? टोपात पाणी ठिवलं, बाटलीचं बूच सैल केलं आन् चांगल्या तीन उकळ्या काढल्या. बाईंनी नाव सुदिक ठिवलं न्हाई मला."

माझ्या हातून तार पडली. खरवस कशानं झाला ते त्या क्षणी कळलं. अहो, तीन उकळ्यांत कुठला जंतू जगतोय! ज्या पुवात काही नव्हतं म्हणून त्या पोराला सहा महिने सिमेंटात घालायचं चाललं होतं, त्या पुवात जे होतं ते कोरेगावच्या चुलीवरच मेलं होतं. आणि मांडीतलं मात्र जिवंत होतं, आणि प्लास्टरखाली ते निवांत वाढणार होतं. पाय गेला असता, कदाचित पोरगाही.

मी धावले. पदर कमरेला खोचून, चपला मागे टाकून. मेट्रनबाई वाटेत आडव्या आल्या, त्यांना मी कसं ओलांडलं ते त्या पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या. आत सर्जन कोपरापर्यंत पांढरे. प्लास्टर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढलेलं.

"थांबा," मी म्हटलं, "तो पू उकळलेला होता."

"काय?"

"दुधासारखा. तीन उकळ्या."

सर्जननी हातातली ओली पट्टी परत बादलीत टाकली. मग म्हणाले, "तुम्हाला बाटलीत काही वेगळं दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. खरवसासारखा होता."

"मग विचारलं का नाहीत?"

"मला वाटलं, मला सगळं कळतं."

टेबलावरचा शिपाईगडी एकदम हसला. त्याची मांडी भोपळ्याएवढी आणि तो हसत होता. सर्जनही हसले, पण त्यांनी मला माफ केलं नाही. प्लास्टर ओलं होतं तोवर कापायला मलाच लावलं.

ताजा पू मी स्वतः बाटलीत घेतला आणि ती बाटली पोटाशी धरून खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीवर दाणे उगवले होते, सोनेरी, बेसनाच्या लाडवाच्या कणांसारखे गोल. मी ओरडत अंगणात आले. सर्जन आले, वाकून बघून "वा!" म्हणाले. म्हणजे क्षय नव्हता, साधे पू करणारे जंतू होते. मावशी आमच्याकडे बघत राहिली. तिच्या पोराच्या रोगाचं एवढं कौतुक तिला समजेना.

"हे त्याच्या पायात व्हतं?"

"हो, मावशी."

"सोन्यावानी दिसतंय की," ती म्हणाली आणि थाळीकडे पाठ करून उभी राहिली.

त्याच दुपारी सर्जननी मांडी चिरली, वाटीभर पू काढला, जंतू मारणारी सल्फाची पूड भरली. हाड शाबूत निघालं. ताप चौथ्या दिवशी उतरला. दीड महिन्यात तो वॉर्डात फेऱ्या घालायला लागला आणि रस्सा उकळला की खिडकीशी येऊन सगळ्यांत मोठ्यानं बेत विचारू लागला. मला त्याचा फार अभिमान वाटे. माझी चूक, माझी दुरुस्ती, माझा पाय, असंच मी धरून चालले होते.

सर्जननी 'नोकरीस योग्य' असं लिहून पलटणीला पाठवायला दिलं. जायच्या दिवशी मावशी माझ्या खोलीत आली. मला वाटलं, ओटी भरायला आली असेल. तिनं दार लावून घेतलं.

"बाई, त्यो पयला कागद हाय का तुमच्यापाशी? काय उगवलं न्हाई म्हून लिवलेला?"

"तो कशाला?"

"त्योच धाडा पलटणीला."

"मावशी, तो खोटा आहे. पू उकळलेला होता."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मीच उकळला. पर त्या कागदानं पोरगा घरी ऱ्हात व्हता."

तो कागद मी लाजेपायी केव्हाच जाळला होता. तसं सांगितलं. तिनं मान हलवली, रागावली नाही, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर गेली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्या रश्श्याच्या वासात खुर्चीवर बसून रडले.

खिडकीतून दोघं दिसत होती. तो पुढं, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, आणि ती चार पावलं मागून, त्याच्या पायाकडे बघत. तो जराही लंगडत नव्हता.