धर्माचा रकाना

शिरगणतीची ड्युटी केलेल्या मास्तरकडे किश्श्यांना तोटा नसतो. परक्याच्या दारात जाऊन 'तुम्ही कोण' असं विचारायचं म्हटल्यावर गोष्टी साठणारच. आता आमच्या भिवंडीच्या शाळेत मोबाइलवरच्या जनगणनेचं ट्रेनिंग यायचंय आणि स्टाफरूममध्ये आत्तापासून कुरकुर सुरू झालीय. मला रागच येतो. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या एका शिरगणतीत हेच काम पायी केलं. तेही कधी? तर आमच्या लोकांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती तेव्हा. सरकार आता आपल्याला काय म्हणून मोजणार, याची घराघरात धास्ती होती.

•

भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यावरच्या खोलीत अण्णा गेले. एक कामगार जेवत बसला होता. अण्णांनी विचारलं, इथे राहतात किती जण?

तो म्हणाला, "कौन सी शिफ्ट के, मास्टरजी?"

अण्णांना पाळी बदलल्यावर पुन्हा यावं लागलं.

•

भिवंडीजवळच्या पूर्ण्यात एका शेतकऱ्याने बायकोच्या धंद्यापुढे 'काही नाही' लिहायला सांगितलं. तेवढ्यात ती बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन आली. भात कोण लावतं, गुरं कोण बघतं, बाजारात भाजी कोण नेतं, सगळ्याला तिचं उत्तर एकच, मी. मग अण्णांनी विचारलं, हे काय करतात?

"त्ये माज्यावर लक्ष ठेवतात."

•

मानकोलीकडची घरं अण्णांच्या बरोबरीच्या म्हात्रे मास्तरांकडे होती. माणूस चांगला, पण आळशी. बौद्धवस्तीत न जाताच ते धर्माच्या रकान्यात 'हिंदू' भरायला बसले. विचारायचं काय त्यात, आपल्याला माहीतच आहे की, म्हणाले. अण्णा भडकले. माहीत असलं तरी विचारायचं, असा नियम आहे, म्हणाले आणि हट्टाने त्यांना पाठवलं. म्हात्रे संध्याकाळी परतले आणि भरलेले कागद अण्णांपुढे ठेवले.

"सगळ्यांनी एकच उत्तर दिलं रे, बौद्ध. पाठ केल्यासारखं."

"पाठच केलंय," अण्णा म्हणाले.

•

आमचं गाव खारबावजवळ. अण्णांनी स्वतःचं घर शेवटी ठेवलं होतं. धाकटा काका तेव्हा हायस्कूलला फीमाफीवर शिकत होता आणि जुनी जात सांगितली नाही तर माफी जाईल, अशी वस्तीत आवई उठली होती. शेजारचे येऊन आजीला समजावून गेले, पोराचं वाटोळं करू नको, जुनंच सांग. प्रगणक म्हणून अण्णांना तर काही सुचवायचीही बंदी.

याआधीच्या शिरगणतीत आजीला कुणी काही विचारलंच नव्हतं. गावातल्या ओट्यावर बसून कुणीतरी वस्तीतली डोकी सांगितली, दुसऱ्याने लिहून घेतली.

अण्णांनी आजीला नाव विचारलं, वय विचारलं. तिने सांगितलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, धर्म?

आजी म्हणाली, थांब. आणि आत गेली.

बराच वेळ झाला. अंगणात माणसं जमली. अण्णांना वाटलं, फीचा विचार करत असणार. आई आहे शेवटी.

आजी बाहेर आली ती तोंड धुऊन, दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं नेसून. अण्णांसमोर ताठ उभी राहिली.

"आता इचार," ती म्हणाली. "आनि मोठ्यान इचार. गावात आयकू जाऊ दे."