बाहेरून लावलेली कडी

भुताखेतांच्या पिक्चरला माझी ना नसते. भूत मोठ्या माणसाचं असलं की मी बघतो. खुनी पोरांचे पिक्चर मात्र मला झेपत नाहीत. रानातला एकटा बंगला, आत अडकलेली मोठी माणसं आणि बाहेर ओळीने उभी असलेली, एक शब्दही न बोलणारी मुलं. माझ्या दहा वर्षांच्या भाचीला नेमके तेच आवडतात.

बहीण आरे कॉलनीतल्या जुन्या क्वार्टर्समध्ये राहते. निम्मी घरं रिकामी, मागे रान. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिकडे पोचलो, तर भाचीने तसलाच एक लावला होता. पोरांनी मोठ्यांना तळघरात घालून बाहेरून कडी लावली आणि मी उशी तोंडावर घेतली.

"मामा, झोपलास?"

"डोळे दुखतायत गं."

"उशी काढ ना, खरी मजा तर आता आहे."

पिक्चर संपेपर्यंत मी ती काढली नाही.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुलींनी मागच्या विहिरीवर जायचं, खडे ताम्हणात घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घंटा वाजवत मुक्याने घरी यायचं. कुणी हसलं की चूळ सांडते आणि पुन्हा विहिरीपासून सुरुवात. बिबट्यापासून राखण म्हणून सोबत मी. बिबट्या अजून आलेला नाही, पण येताना मुलींना हसवल्याशिवाय मला राहवत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या की आरती व्हायला दिवेलागण झाली. यंदा ताम्हण पहिल्यांदाच भाचीच्या हातात होतं. "आज एकदाही सांडायचं नाही," एवढंच ती सकाळी आईला म्हणाली होती.

शेजारच्या दोघी, भाची आणि मी असे निघालो. वाटेत भुरभुर सुरू झाली. छत्री एकच.

"मामा, तू भिजशील. या खोलीत थांब, येताना घेऊन जातो तुला."

मला भरूनच आलं. मी एका रिकाम्या क्वार्टरमध्ये शिरलो. मागे दार लोटलं गेलं आणि बाहेर कडी सरकली.

वारा असेल, म्हटलं. वाऱ्याला कडी लावता येत नाही, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. फोन बहिणीकडे चार्जिंगला. भिंतींना ओल, छताला कुणाच्या तरी पाळण्याचा हूक. मी त्याच्याखालून बाजूला सरकलो.

मग घंटा आली. तिघी गजांच्या खिडकीपाशी थांबल्या. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, कडी काढा. अडकलोय मी."

त्या नुसत्या बघत राहिल्या. मी ठेवणीतलं माकडाचं तोंड करून दाखवलं. एकीचीही पापणी हलली नाही. भाचीने मान वळवली आणि घंटा झाडांमागे दूर दूर जात ऐकू येईनाशी झाली.

ती परत आली, तेव्हा खोलीतला उजेड विटला होता. एकटीच होती.

"कडी तू लावलीस?" मी दाराआडून विचारलं.

"हो. तू हसवतोस. आज एकदाही सांडलं नाही."

"म्हणून मामाला कोंडायचं?"

"पिक्चरमध्ये तसंच करतात."

कडीवर तिचा हात पडल्याचं ऐकू आलं. कडी निघाली नाही.

"मामा, कडी लावल्यावर पुढे काय होतं, ते तू बघितलंच नाहीस ना?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दार उघडलं.

घरापर्यंत ती पुढे, मी मागे. वाटेत मला एक झकास विनोद सुचला. मी तोंड उघडलं नाही.