डबीत जागा नाही

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात असं जे म्हणतात, त्यांनी आमच्या वहिनीचे मामा पाहिलेले नसतात. सोलापूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर त्या गाठी चष्म्याच्या घराएवढ्या एका डबीत बांधल्या जातात, आणि ती डबी मामांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असते. मामा नात्यानं वहिनीचे, पण अख्खी पेठ त्यांना मामाच म्हणते. त्यांचा थोरला भाऊसुद्धा हल्ली मामाच म्हणतो. उभी हयात त्यांनी टॉवेल आणि चादरी विकत फिरतीवर काढली. त्या काळी टॉवेल बघायला आलेल्या एका परदेशी साहेबानं जाताना आपला हातातला संगणक त्यांना भेट दिला. हातातला म्हणजे खरोखर हातातला. झाकण उघडलं की वर राखाडी पडदा, खाली बोटं अडखळतील एवढा कीबोर्ड आणि पोटात दोन पेन्सिल सेल. साहेबानं तो टॉवेलांच्या हिशेबासाठी दिला असणार. मामांनी त्यात स्थळं भरली. तेव्हापासून जगात दहा तऱ्हेचे फोन आले आणि गेले, पण मामा अजून त्याच डबीत इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहितात, आणि मामींनी टॉवेलच्या कापडाची शिवलेली खोळ चढवून ती उराशी घेऊन फिरतात.

डबी कुठं उघडावी याला मामांच्या लेखी काही धरबंध नाही. एका दहाव्याला सगळे घाटावर तिष्ठत उभे होते. पिंडाला कावळा काही शिवेना. घरच्यांनी गेलेल्या आजोबांना हात जोडून झालं, शेताचं बघतो म्हणून झालं, म्हातारीला सांभाळतो म्हणून झालं. मामांनी शेजारच्या, नुकतंच मुंडण केलेल्या नातवाला हळूच विचारलं, "उंची किती धरायची?" आजूबाजूच्यांनी डोळे वटारले. मामांनी शांतपणे उंची, शिक्षण, नोकरी लिहून घेतली, झाकण मिटलं, आणि कावळा शिवला. "म्हाताऱ्याचा जीव नातवाच्या लग्नात अडकला व्हता की. तुमी शेताचं काय सांगत बसला?" मामा म्हणाले. दुसऱ्यांदा असंच कुर्डुवाडी स्टेशनावर गाडीला उशीर झाला, तर एका बाकावरचा मुलगा आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी त्यांनी चहा संपेपर्यंत जुळवून टाकली. गाडी वेळेवर आली असती तर मी वाचलो असतो, असं तो नवरदेव अजून चारचौघांत म्हणतो. दिवाळीला मामांकडे फराळाचा पहिला डबा मात्र त्याचाच येतो.

मामांनी डबीत कुणाबद्दल वाईट लिहिल्याचं मला आठवत नाही. टक्कल पडलेला मुलगा त्यांच्याकडे 'कपाळ मोठं' असतो. आईच्या पदराआडून बोलणारा 'घरंदाज' असतो, आणि शेजाऱ्यांशी भांडून तीन घरं बदललेली मुलगी 'बोलकी'. मला त्यांनी 'स्पष्टवक्ती' असं लिहिलंय. हो, मीही त्या डबीत आहे. वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली त्याच वर्षी मामांनी मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, शाळेत संगणक शिकवायला नुकतीच लागलेली. अपेक्षा काय, म्हणून विचारल्यावर मी म्हणाले, "विनोद कळणारा पाहिजे." मामांनी मान न उचलता ते तसंच्या तसं लिहिलं. मग तीन मुलं आणली. पहिला हसलाच नाही. दुसरा नको तिथं हसला. तिसरा खरं तर बरा होता, पण माझ्या प्रत्येक वाक्यावर "म्हणजे?" म्हणायचा. मग वडिलांचं आजारपण निघालं, आईचं निघालं, शाळा होतीच, आणि बघता बघता मी पन्नाशीला टेकले. मामा दर दिवाळी पाडव्याला येतात, डबी उघडतात, माझं वय एकानं वाढवतात आणि विचारतात, "अपेक्षेत काही बदल?" मी दरवर्षी म्हणते, "मामा, काढून टाका ते नाव." ते न ऐकल्यासारखं करतात. चकली खातात आणि जातात.

एरवी हे असंच चाललं असतं, पण यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत डबी भरली. नातेपुत्याहून एका बाईंनी मुलीची माहिती सांगायला फोन केला आणि मामांनी लिहायला घेतलं, तर यंत्र म्हणालं, जागा नाही. पंचवीस वर्षांत मामांनी एकही माणूस पुसला नव्हता. लग्न झालेलेसुद्धा आत होते. "त्यांची पोरं आता लग्नाला आली. आईबाप कसे हायेत ते नको का बघायला?" घटस्फोट झालेल्यांपुढं 'परत बघू' असं होतं. जे वारले तेही होते, कारण त्यांच्या मुली होत्या. मामांचा मुलगा म्हणाला, बाबा, हे सगळं मोबाइलमध्ये टाकू, नाहीतर जुनी नावं उडवा. उडवा हा शब्द मामांना लागला. ज्या घरात बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, त्या घरात माणसं उडवायची? मोबाइलवर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. तो एकसारखा वाजतो, आणि ज्याला सगळ्या गावाशी बोलायचंय त्याच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं मत. नातेपुत्याच्या बाईंना त्यांनी आठवडाभर थांबवलं. दाराशी आलेलं स्थळ थांबवण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ, आणि त्या आठवड्यात मामा धड जेवले नाहीत असं वहिनी सांगत आली.

आठवडा सरला तसे मामा माझ्याकडे आले, हातात बाजारातून आणलेली नवी कोरी हार्ड डिस्क. "ही डबीला जोड," म्हणाले, जणू शर्टाला बटण लाव. मी कपाळाला हात लावला. ही डबी ज्या काळातली, त्या काळी असल्या डिस्कचा कुणाच्या स्वप्नातही पत्ता नव्हता. वर मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, इतकी यातायात कशाला? माझं नाव काढा, नातेपुत्याची मुलगी बसेल." मामांनी डिस्क टेबलावर माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, "पोरी, तुला जमत नसंल तर तसं सांग." मग काय, शिक्षिका आहे मी, जमत नाही म्हणणं मला जमत नाही.

डबीच्या कुशीला एक फट आहे, तिच्यात खेळण्याच्या पत्त्याच्या आकाराचं जाडसर कार्ड बसतं. त्या कार्डाला डिस्कची वायर लागेल असं भोक असलं तर निदान आशा होती. असलं कार्ड शोधायला आम्ही सोलापुरातल्या विजापूर वेशीत गेलो, जुन्या संगणकांचे सुटे भाग विकणाऱ्या एका चाचांकडे. त्यांच्या लेकीला कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला मुलगा मामांनीच बघून दिलेला. "मामा, तुमारा काम नै करूं तो किसका करूं?" म्हणत चाचांनी दुकान पालथं घातलं आणि एका डब्याच्या तळातून ते कार्ड काढून सदऱ्याला पुसून दिलं. डबीला ते कार्ड ओळखू यावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागत होता, तोही मी इंटरनेटवर धुंडाळून मिळवला. मग मामांच्या घरी, पंख्याखाली, सगळा पसारा मांडून आम्ही बसलो. मामी शेजारी भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

पहिला अडथळा डिस्कचा. एवढ्या मोठ्या डिस्कपैकी डबीला जेमतेम एक कोपरा दिसणार होता, आणि तो कोपरा जुन्या पद्धतीनं नव्यानं आखावा लागणार होता. माझ्या लॅपटॉपवर मी ते करायला घेतलं, तर नेहमीची सूचना आली. मामांनी चष्मा वर करून विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "यावरचं सगळं पुसलं जाईल म्हणतंय." मामांनी माझा हात धरला. "कोण हाय त्यात?" कुणी नाही मामा, कोरी आहे. "नीट बघ. कुणी असंल." मंगल कार्यालय सोडताना कुणाचं पोर आत झोपून राहिलं नाही ना, हे बघावं तशी त्यांनी ती डिस्क माझ्याकडून उघडून घेतली. आत कंपनीनं ठेवलेली माहितीपुस्तिका निघाली. "बघ, म्हटलं नव्हतं?" ती मी मुकाट्यानं माझ्या लॅपटॉपवर हलवली, तेव्हा कुठं मामांनी पुढं जाऊ दिलं.

दुसरा अडथळा मात्र खरा होता. प्रोग्रॅम डबीत घालायचा तर त्यालाही जागा लागणार, आणि जागा नव्हती. काहीतरी पुसल्याशिवाय डिस्क जोडता येत नव्हती आणि डिस्क जोडल्याशिवाय पुसणं टळत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, "माझं काढा मामा. मला खरंच काही वाटणार नाही." मामा बाणाचं बटण दाबत दाबत अगदी पहिल्या नोंदीपर्यंत गेले. ती त्यांची स्वतःची होती. डबी हातात आली तेव्हा हात बसावा म्हणून त्यांनी आपलं आणि मामींचं स्थळ त्यात भरलं होतं, आणि हौसेच्या भरात लग्नातल्या पंगतीपासून रुसलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळं लिहिलं होतं. इतकी लांब नोंद डबीत दुसरी नव्हती. मामांनी ती एकदा वाचली आणि पुसली. "आमचं जुळलंय की," ते म्हणाले. "आमी कुटं पळून चाललोय?" मामींनी शेंग फोडली. "पंचेचाळीस वर्षांनी लग्न मोडलं म्हणा माझं," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

प्रोग्रॅम बसला. कार्ड सरकवलं, त्यात डिस्कची वायर खोचली, विजेसाठी डिस्क दुसऱ्या वायरनं भिंतीतल्या प्लगला जोडली, आणि राखाडी पडद्यावर डिस्कचं एक नवं चौकोनी चित्र उगवलं. माझ्याच तोंडून हुश्श निघालं. मी नावं डिस्कवर पाठवायला सुरुवात केली, आणि ती एकामागून एक जात असतानाच पडदा फिका पडत पडत पार कोरा झाला. कार्डानं दोन्ही सेल पिऊन टाकले होते. डबीत बटणाएवढा आणखी एक सेल असतो, तो थोडा वेळ सगळं धरून ठेवतो. पण तो शेवटचा कधी बदलला होता, हे मामांना आठवेना. तो गेला तर सगळं गेलं. टक्कलवाले, बोलक्या, परत बघू, सगळे. मामा पांढरेफटक पडले. आणि वर्षानुवर्षं 'काढून टाका' म्हणणारी मी नव्या सेलांसाठी घरभर खण उपसत सुटले. घरात नवे सेल नव्हते. मामी उठल्या, स्टुलावर चढून त्यांनी बैठकीतलं घड्याळ उतरवलं, मग स्वयंपाकघरातलं, आणि दोन्हींतले सेल काढून माझ्या हातावर ठेवले. सेलांवरचं झाकण मी उघडलं. सेल बसवले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, तसा पडदा उजळला आणि सगळी मंडळी होती तिथं होती. मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि उकडतंय म्हणाले.

नावं डिस्कवर गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही घड्याळं बंद पडलेली, त्यामुळं नक्की किती वाजले ते कुणी बघितलंच नाही. मामांनी विचारलं, "आता कितीजण मावतील?" मी म्हटलं, "सोलापूर जिल्हा, लातूर, धाराशिव, आणि वर विजापूरही. नुसत्या या कोपऱ्यात." मामा थोडे घाबरले असावेत. मामी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, आधी आमाला परत घाला." मामांनी दोघांचं स्थळ पुन्हा लिहायला घेतलं. "उंची?" "हाय तेवढीच हाय." "अपेक्षा?" मामींनी सुपातले दाणे पाखडले. "आता काय, कमी बोलणारा," त्या म्हणाल्या, आणि मामांनी ते लिहिलंसुद्धा. मग नातेपुत्याला फोन लावून त्यांनी त्या बाईंना सांगितलं की जागा झाली, मुलीची उंची सांगा. बाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मलाही सगळं ऐकू आलं.

शेवटी सगळं नीट उतरलंय का हे बघायला मी म्हटलं, मधलंच कुणाचं तरी उघडून बघा. मामांनी माझं उघडलं. 'स्पष्टवक्ती. शिक्षिका. विनोद कळणारा पाहिजे.' सगळं जागच्या जागी होतं. खरं सांगते, मी एकटी छान राहते आणि मला आता कुणी नको. पण शाळेतून घरी येऊन कुलूप उघडताना कधी कधी वाटतं, की आपण आलो न आलो, कुणी वाट बघत नव्हतं. त्या राखाडी पडद्यावर माझं नाव इतकी वर्षं कुणीतरी ताटकळत ठेवलं होतं, आणि ते वाचवायला आज स्वतःचं पुसलं होतं. मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "अपेक्षेत काही बदल?"

"पाडव्याला अजून अवकाश आहे मामा."

"आता उघडलंच हाय म्हणून विचारलं. का काढू नाव?"

"असू द्या," मी म्हटलं. "जागा आहे की."

मामांनी मान हलवली, वय तेवढं एकदा बरोबर आहे ना ते बघितलं आणि झाकण मिटलं. मग त्यांनी डबीला खोळ घातली आणि मामींना विचारलं की पोरीला शेंगांची पोळी करून घालणार का नुसतीच पाठवणार.