हा कर

दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेण्याचा पगार मी खाल्ला आहे. दारूबंदीची सुरुवातीची वर्षं होती आणि मी ठाण्यात एका लॉरीमालकाकडे कारकून, म्हणजे तिथल्या भाषेत मेहताजी, होतो. आमच्या लॉऱ्या मिठागरांवरचं मीठ कल्याणला नेत.

त्यांवरचा एक ड्रायव्हर कोलशेतचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. एकदा हातभट्टीची पिऊन निघाला आणि कळव्याच्या पुलाच्या कठड्याला त्याने गाडी घासली. खटला झाला, तुरुंगवास झाला, लायसनही गेलं. ते परत मिळेपर्यंत तो बायकोबरोबर मिठाच्या पाट्या वाहत होता. पायांच्या भेगांत मीठ जायचं, म्हणून टाचा उचलून चालायचा. दारू मात्र त्याने खरोखर सोडली. लायसन हातात आल्यावर तो परत आमच्या शेठकडे आला, कारण तुरुंगातून आलेल्या माणसाला दुसरा कोणी मालक स्टिअरिंगला हात लावू देत नव्हता.

शेठने घेतलं, पण अट घातली. रोज सकाळी चावी मिळण्याआधी त्याने ‘हा’ करायचं आणि मी वास घ्यायचा. एकदा जरी वास आला तरी कायमचा घरी. मीच का, तर शेठ म्हणाले, तुझं बामणाचं नाक, त्याला थेंबभरही फसवता यायचं नाही. हे म्हणे कौतुक होतं.

माझ्या काकाच्या वयाचा तो माणूस लॉऱ्यांच्या तळावरच्या सगळ्यांसमोर टोपी काढून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि जबडा उघडायचा. बाकड्यावरून शेठ म्हणायचे, “हा कर.” की माझ्या नाकात तंबाखू, रात्रीचं सुकट आणि किडक्या दाढा. घरी पानावर बसलो की घास तोंडापर्यंत येऊन परत जायचा. आई विचारायची, जेवत का नाहीस, आणि मी पोटाचं काहीतरी कारण सांगायचो. त्या वासाची किळस होतीच, पण त्याच्या त्या डोळे मिटून उभं राहण्याची जास्त होती. तळावरचे लोक मला हुंगेमास्तर म्हणू लागले होते.

आणि शेठ स्वतः? त्यांच्याकडे परमिट होतं. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं डॉक्टरने लिहून दिलं होतं, तेव्हा त्यांच्या कपाटातल्या बाटलीला कोणी दारू म्हणायचं नाही. औषध म्हणायचं. हे औषध आधी संध्याकाळी होतं, पुढे पुढे सकाळीही लागू लागलं. ते घेऊन हा गृहस्थ आम्हाला दारूचे दुष्परिणाम सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो. असला निर्लज्ज ढोंगीपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

एका सकाळी शेठ बाकड्यावरून उठले आणि आम्हा दोघांजवळ येऊन उभे राहिले. मी नीट हुंगतो की नाही हे त्यांना बघायचं होतं. ड्रायव्हरने हा केलं.

“वास येतोय,” शेठ म्हणाले. “पिऊन आलाय हा.”

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मी पुन्हा जवळ जाऊन वास घेतला. तंबाखू आणि सुकट, बाकी काही नाही. भपकारा येत होता तो माझ्या डाव्या खांद्याजवळून, शेठच्या तोंडातून. मी म्हणालो, याच्या तोंडाला दारूचा वास नाही.

“मग येतोय कुठून?”

कुठून येतोय हे न कळणारा एकही माणूस तिथे नव्हता. माझं डोकं सणकलं होतं, नोकरी गेली खड्ड्यात म्हणून मी सांगून टाकणार होतो, तेवढ्यात ड्रायव्हरच बोलला.

“माझाच हाय, शेठ. खोकला झालता, म्हनून सकाली औषध घेतलं.”

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. औषध असेल तर हरकत नाही, पण आधी सांगत जावं, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला चावी दिली. ज्याच्या तोंडाला वास येतो म्हणून एवढा तमाशा केला, त्यालाच आता भरली लॉरी घेऊन जा म्हणत होते. मला तिथेच थुंकावंसं वाटलं.

मी त्याच्या मागे लॉरीपर्यंत गेलो. विचारलं, घेतलं नव्हतंत, मग कबूल का केलंत?

“घेतलं नाय ते मना ठाव, तुमाला ठाव, शेठला बी ठाव,” तो म्हणाला. “मंग सांगायचं ऱ्हायलं कोनाला?”

तो वर चढला, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून वाकला.

“तुमी जीवाला लावून नका घेऊ, मेहताजी. उद्या परत तुमच्याच म्होरं तोंड उघरायचं हाय मना.”